वाचकांचे प्रश्न : तळाशी वाळू आहे की गाळ, हे आवाजावरून कसं कळतं?

मागच्या अंकात समुद्रतळाच्या नकाशांवर एक छोटं टिपण आलं होतं. पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजतात आणि तळ कशाचा आहे तेही ओळखतात, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबारकडून बरीच पत्रं आली आणि संपादकांनी ती माझ्याकडे पाठवली. माझी नोकरी सर्वेक्षण जहाजांवर ध्वनियंत्रं सांभाळण्यात गेली, आता मी अमळनेरला असते. समुद्र न पाहिलेल्या माणसांनी इतके नेमके प्रश्न विचारावेत याचा मला फार आनंद झाला. सगळ्या पत्रांना जागा पुरणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : खोली मोजणं समजलं. वेळ गुणिले वेग, भागिले दोन. पण खाली वाळू आहे, गाळ आहे की खडक, हे त्याच आवाजातून कसं काढतात? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, चोपडा)

प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून खोली कळते. तो किती जोराचा आला आणि किती लांबला यावरून तळाचा अंदाज येतो. तुम्ही भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आहात, तेव्हा आकड्यांतच सांगते.

कुठल्याही पदार्थाची घनता आणि त्यातून जाणाऱ्या आवाजाचा वेग यांचा गुणाकार करा. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ आणि वेग सेकंदाला १५०० मीटर, गुणाकार १५३७. मऊ गाळ घ्या : घनता १.४, वेग १४८०, गुणाकार २०७२. हो, मऊ गाळात आवाज पाण्यापेक्षा किंचित हळूच जातो, आकडा चुकलेला नाही. वाळूची घनता २ आणि वेग १७०० धरला तर ३४००. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणासारखा बेसाल्ट असेल तर २.७ गुणिले ५०००, म्हणजे १३,५००. आता पाण्याचा गुणाकार आणि तळाचा गुणाकार यांची वजाबाकी करा, तिला बेरजेने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. सरळ खाली गेलेल्या आवाजाची किती ऊर्जा परत फिरते ते मिळेल. गाळावरून सुमारे २ टक्के, वाळूवरून १४ टक्के, बेसाल्टवरून ६३ टक्के. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्यक्षात गाळागाळात फरक असतो. पण एवढी तफावत असेल तर यंत्राला ती ऐकू येणारच.

हे झालं सपाट तळाचं. खरा तळ खडबडीत असतो, आणि तो किती खडबडीत हे आवाजाच्या तरंगलांबीच्या मापाने ठरतं. २०० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी पाण्यात साडेसात मिलिमीटर. त्याला बारीक खडीसुद्धा ओबडधोबड वाटते. खोल समुद्रात १२ किलोहर्ट्झ वापरतात, त्याची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. त्याला तीच खडी गुळगुळीत. म्हणून अमुक तळ खडबडीत आहे असं कोणी म्हणालं, की कुठल्या वारंवारतेला ते आधी विचारायचं.

गुळगुळीत तळावर आवाज तिरका पडला की तो पुढे निघून जातो, परत येत नाही. पावसात रात्री जळगाव-भुसावळ रस्त्यावर गाडी चालवताना आपल्याच हेडलाइटचा उजेड ओल्या डांबरावर नाहीसा होतो ना, तसंच. डांबर कोरडं असेल तर तोच उजेड चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो. आवाजाच्या या परत विखुरण्याला आम्ही बॅकस्कॅटर म्हणतो. आज जगभरात तळाचं वर्गीकरण मुख्यतः त्यावर चालतं. मल्टीबीम यंत्र जहाजाच्या दोन्ही अंगांना पंख्यासारखे शेकडो बीम, म्हणजे आवाजाचे झोत, टाकतं आणि प्रत्येक बीमसाठी खोली व बॅकस्कॅटर दोन्ही नोंदवतं. मऊ गाळाचा प्रतिध्वनी बरोबर जहाजाखाली बऱ्यापैकी असतो आणि बाजूला जाऊ लागलं की झपाट्याने पडतो. खडकाचा तसा पडत नाही, बाजूलाही जवळजवळ तेवढाच राहतो. कोन आणि जोर यांचा हा आलेख म्हणजे तळाची चांगलीच ओळख असते.

साधा, एकाच बीमचा एको साउंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, तोही बरंच सांगतो. बीमच्या मधला आवाज आधी परततो, कडांचा थोडा उशिरा. खडबडीत तळ कडांकडूनही आवाज परत पाठवतो, म्हणून त्याच्या प्रतिध्वनीला लांब शेपूट येतं. सपाट, टणक वाळूचा प्रतिध्वनी उभा, टोकदार आणि आखूड. पहिला प्रतिध्वनी वर पोचला की पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा तळाकडे जातो आणि दुसऱ्यांदा वर येतो. हा दुसरा प्रतिध्वनी तळाच्या टणकपणाची चांगली खूण आहे. मऊ गाळावर तो जेमतेम दिसतो. पहिल्याचं शेपूट खडबडीतपणासाठी आणि दुसरा टणकपणासाठी, असा मेळ घालणारी यंत्रं १९८०च्या दशकात बाजारात आली. स्कॉटलंडमधलं रॉक्सॅन हे त्यातलं नावाजलेलं.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे ते. प्रतिध्वनी एवढंच सांगतो की इथला तळ तिथल्यापेक्षा वेगळा आहे. तो तळ कशाचा, हे ठरवायला खालची मूठभर माती वर काढावीच लागते. चिखलावर मेलेल्या शिंपल्यांचा थर असेल तर प्रतिध्वनी खडीसारखा येतो. गाळात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याचा मिथेन वायू अडकला असेल तर ते बुडबुडे आवाज इतका परतवतात की लोण्यासारखा मऊ गाळ कागदावर कातळ वाटतो. हे दोन्ही प्रकार पश्चिम किनाऱ्यावर भरपूर आहेत.

नमुना काढायचं साधन म्हणजे ग्रॅब. लोखंडाचे दोन जबडे, उघडे ठेवून तारेवरून खाली सोडायचे. तळाला टेकले की खटका सुटतो, आणि तार वर ओढली की जबडे माती चावून मिटतात. डेकवर आल्यावर आधी जबड्यांची फट बघायची. फटीत एखादा शिंपला अडकलेला असेल तर वर येता येता बारीक माती धुऊन गेलेली असते आणि हातात उरते ती नुसती भरड. तो नमुना टाकून द्यायचा, पुन्हा ग्रॅब सोडायचा. नमुना चांगला असेल तर वरचा थर हलू न देता रंग बघायचा. वर पातळसा तपकिरी पापुद्रा, खाली हिरवट काळं आणि सडक्या अंड्याचा वास, म्हणजे आत प्राणवायू नाही. मग चिमूटभर दोन बोटांत चोळायची. निव्वळ चिकणमाती साबणासारखी सरकते. पोयट्याची बारीक कचकच बोटांना कळत नाही, दातांना कळते, आणि भूगर्भवाले खरोखर दाताखाली धरून बघतात. चाळण्या आणि प्रयोगशाळा नंतरच्या. पण त्या चिमटीने नकाशावरच्या रंगाला अर्थ येतो.

प्रश्न : ताई, धरणमा गाळ किती शे हाई त्या मशीनले कसं समजस? हतनूरच्या पाण्यात बोटीवर यंत्र लावून इकडून तिकडे फिरताना पाहिले. तो आकडा खरा धरायचा का? (शेतकरी, मुक्ताईनगर तालुका)

भाऊ, प्रश्न अगदी रास्त आहे. हतनूर धरण तापी-पूर्णा संगमाच्या खाली आहे, चांगदेवपर्यंत त्याचं पाणी पसरतं, आणि पूर्णा वऱ्हाडातली काळी माती घेऊन येते. तिथे गाळ साचणारच.

तुम्ही पाहिलं ते असं. बोटीच्या कडेला पाण्यात बुडवलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, त्याच्या बरोबर वर जीपीएसचा अँटेना. बोट ठरलेल्या समांतर रेषांवर चालते आणि दर क्षणी खोली आणि जागा नोंदली जाते. त्यातून तळाचा आजचा नकाशा तयार होतो. धरण बांधण्यापूर्वी जमिनीची जी मोजणी झाली होती ती त्याच्याशी ताडून पाहतात. दोन तळांमधली जागा म्हणजे गाळ. यंत्र गाळ मोजत नाही, तो वजाबाकीतून निघतो. जुनी मोजणी जितकी चोख, तितकाच हा आकडा चोख.

तुम्ही विचारलं म्हणून, तुमच्यासारख्या माणसाने सर्वेक्षणवाल्यांना काय विचारावं ते सांगते.

पहिलं, पाण्याचं तापमान. गोड्या पाण्यात २० अंशांना आवाज सेकंदाला १४८२ मीटर जातो, ३० अंशांना १५०९. पौषातलं पाणी आणि वैशाखातलं पाणी यंत्राला सारखं नाही. चुकीचा वेग भरला तर १० मीटर खोलीवर १८ सेंटिमीटरची चूक होते. कोणी म्हणेल, वीतभर तर आहे. पण एक चौरस किलोमीटर पाण्यावर ती वीत म्हणजे १ लाख ८० हजार घनमीटर, आपल्या पाटबंधारेवाल्यांच्या भाषेत ०.१८ दलघमी, आणि तेवढा गाळ फुकटच कमी किंवा जास्त दिसतो. म्हणून काम सुरू करण्याआधी लोखंडी पट्टी मोजलेल्या साखळीने बोटीखाली सोडतात. ती पाच मीटरवर असताना यंत्रानेही पाचच दाखवले पाहिजेत. याला बार चेक म्हणतात. तो सकाळी केला का, दुपारी पाणी तापल्यावर पुन्हा केला का, हे विचारा.

दुसरं, यंत्राची वारंवारता. धरणातला नवा गाळ वरच्या बाजूला ताकासारखा पातळ असतो आणि खाली घट्ट होत जातो. २०० किलोहर्ट्झचा आवाज त्या पातळ थराच्या माथ्यावरूनच परत फिरतो. ३३ किलोहर्ट्झचा आवाज त्यात घुसून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. दोन्ही एकत्र वापरले तर मधल्या पातळ गाळाची जाडी मिळते, आणि धरणाचा गाळ काढायचा की दारं उघडून वाहून जाऊ द्यायचा हे ठरवताना ती माहिती लाखमोलाची आहे. एकाच वारंवारतेने मोजलं असेल तर अहवालात ती कोणती हे लिहिलेलं असलं पाहिजे.

तिसरं, नमुने घेतले का? तळाचा गाळ शेतात टाकण्याजोगा पोयटा आहे की नुसती रेती, हे प्रतिध्वनीवरून सांगू नये. गाळमुक्त धरणाची कामं जिथे निघतात तिथे लोक आधी ट्रॅक्टर लावतात आणि माती नंतर बघतात. त्याआधी बोटीवरून दहाबारा ठिकाणचा गाळ काढून पाहिला तर डिझेल आणि मेहनत दोन्ही वाचेल. १९१६ मध्ये सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याला आहे, नाशिकला मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. हे काम जाणणारी माणसं महाराष्ट्रातच आहेत.

एवढं सगळं नीट केलं असेल तर आकडा खरा धरा.

प्रश्न : उपग्रहाने सगळ्या पृथ्वीचे फोटो निघतात, मग समुद्रतळाचे का नाही? (शिक्षिका, शहादा)

ताई, पाणी उजेड गिळतं. अगदी स्वच्छ समुद्रातही २०० मीटरच्या खाली कामापुरता उजेड नाही, आणि उपग्रहाच्या रडारच्या लहरी तर काही सेंटिमीटरांतच संपतात. फक्त आवाज हजारो मीटर जाऊन परत येतो. उपग्रहाने एक गोष्ट मात्र साधली आहे. समुद्रातला मोठा डोंगर आपल्या गुरुत्वाकर्षणाने पाणी स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याच्यावर समुद्राचा पृष्ठभाग मीटर-दोन मीटर फुगतो. रडारने तो फुगवटा मोजून डोंगराचा अंदाज बांधता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या स्वॉट उपग्रहाने हे चित्र बरंच बारीक केलं, तरी ते किलोमीटरांत मोजण्याजोगंच आहे. तळ वाळूचा की गाळाचा, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जहाजच लागतं, आणि जहाज सावकाश चालतं. चार हजार मीटर खोलीवर एका आवाजाला जाऊन यायला सव्वापाच सेकंद लागतात. जगाच्या समुद्रतळाचा जेमतेम पाव भाग, फार तर त्याहून थोडा जास्त, अशा प्रत्यक्ष मोजणीने नकाशावर आला आहे. मुलांना सांगायचं असेल तर हेच सांगा की त्यांच्या पिढीला करायला तीन चतुर्थांश काम बाकी आहे.

प्रश्न : तापीतून वाहून गेलेली खानदेशची माती समुद्राच्या तळाशी सोनारला (या ध्वनियंत्राला) दिसते का? (निवृत्त ग्रामसेवक, प्रकाशा)

दिसते, आणि हा प्रश्न आला म्हणून मला हे सदर लिहावंसं वाटलं. तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. तिने आणि नर्मदेने हजारो वर्षं दख्खनच्या बेसाल्टची झीज खंभातच्या आखाताबाहेर नेऊन टाकली आहे. काळ्या मातीत जी फुगणारी चिकणमाती असते, उन्हाळ्यात जिच्यामुळे आपल्या शेतांना भेगा पडतात, तीच स्मेक्टाइट चिकणमाती पश्चिम किनाऱ्यालगतच्या तळावर सापडते.

सुरत-मुंबईच्या पट्ट्यात किनाऱ्यापासून बाहेर जाताना आवाजाची नोंद स्पष्ट बदलते. आधी गाळ. २०० किलोहर्ट्झचा प्रतिध्वनी अशक्त, आणि ३.५ किलोहर्ट्झचं यंत्र लावलं तर आवाज तळाच्या आत कित्येक मीटर शिरून थरावर थर दाखवतो. साधारण ५०-६० मीटर खोलीच्या पुढे चित्र पालटतं. प्रतिध्वनी एकदम जोरकस होतो आणि आतले थर दिसेनासे होतात. ग्रॅब टाकला की शिंपल्यांचे तुकडे आणि चुनखडीची वाळू येते. ती वाळू जुनी आहे. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे पाणी वर चढत गेलं तेव्हा ती वाळू उथळ किनाऱ्यांवर साचली, आणि नद्यांचा गाळ तिथपर्यंत पोचत नसल्यामुळे ती आजही उघडी पडली आहे. दोन्हींमधली सीमा बॅकस्कॅटरच्या नकाशावर काढता येते, आणि तिच्या अलीकडच्या गाळात आपला वाटा आहे.

तुमच्या प्रकाशाजवळच उकाईचं पाणी सुरू होतं. १९७२ मध्ये ते धरण झाल्यापासून तापीचा बराच गाळ तिथेच अडतो. म्हणजे समुद्रातली आपली माती बहुतेक त्याआधीची.

प्रश्न : या आवाजाने देवमाशांना इजा होते का? (वाचक, पाचोरा)

नौदलाच्या पाणबुडीशोधक सोनारने झाली आहे. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर देवमासे किनाऱ्याला लागले, त्याला अमेरिकी नौदलाचे सोनार कारण होते हे त्यांच्याच चौकशीत मान्य झालं. तो आवाज मध्यम वारंवारतेचा आणि दूरवर पसरणारा. नकाशाच्या मल्टीबीमचा आवाज अरुंद, अगदी आखूड आणि मुख्यतः खाली रोखलेला असतो, म्हणून धोका बराच कमी. तरी जवळ देवमासे दिसले तर यंत्र थांबवावं, या मताची मी आहे.

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तळाच्या वर्गीकरणाचं मशीन लर्निंग प्रोजेक्ट घरबसल्या करता येईल का? (विद्यार्थिनी, धुळे)

येईल, जरूर कर. गेब्को या समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा जगाच्या खोलीचा ग्रिड (चौकटीचौकटींचा नकाशा) फुकट मिळतो, त्याची चौकट साधारण ४५० मीटरची. मल्टीबीमच्या कच्च्या फायली अमेरिकेच्या सरकारी संग्रहातून उतरवता येतात आणि त्या उघडायला एमबी-सिस्टिम हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फायली मोठ्या असतात, एकाच छोट्या भागापासून सुरुवात कर.

खरं काम वर्गीकरणाच्या आधीचं असतं. अंतराने आवाज क्षीण होतो, पाणी तो शोषतं, यंत्र आपोआप आवाज वाढवतं-घटवतं, आणि कोनाचा परिणाम मी वर सांगितलाच. हे सगळं काढून टाकलं नाही तर तुझा प्रोग्रॅम जहाजाच्या मार्गाला समांतर पट्टे शोधून त्यांनाच तळाचे प्रकार म्हणेल. नकाशावर असे पट्टे दिसले की पुढे जाऊ नकोस, मागे फिरून दुरुस्ती कर.

के-मीन्सला, म्हणजे आकड्यांचे आपोआप गट पाडणाऱ्या प्रोग्रॅमला, पाच गट मागितले तर तो पाच देणारच, तळ दोनच प्रकारचा असला तरी. म्हणून जिथले मातीचे नमुने छापलेले मिळतात असाच भाग निवड. आणि अचूकता तपासताना नमुने नुसते पत्त्यांसारखे पिसून शिकवण्याचे आणि तपासण्याचे असे वाटू नकोस. शंभर मीटरवरचे दोन नमुने बहुधा सारखेच असतात. एक शिकवायला आणि दुसरा तपासायला गेला तर नव्वद टक्क्यांची अचूकता सहज येते आणि तिला काही अर्थ नसतो. भाग तुकड्यांत वाट, एक अख्खा तुकडा बाजूला ठेव आणि त्याच्यावर तपास. आकडा खाली येईल. तोच प्रोजेक्टमध्ये लिही, आणि परीक्षकांनी कमी का म्हणून विचारलं तर त्यांना हे कारण सांग.